वाळवंटाचे नियम

सोनम बाकावर नव्हती. सामान जागच्या जागी होतं, तिची पाण्याची बाटली होती, पाच वर्षांची सोनम तेवढी नव्हती.

"तुझ्याबरोबर आली ना ती?" नागराजनं विचारलं.

"मी फक्त भव्याला नळावर नेलं. सोनमला तुमच्यापाशी ठेवलं होतं," शिवलीला म्हणाली.

भर दुपारी कानडी मुलखातल्या यशवंतपूर स्टेशनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. राजस्थानची गाडी सुटायला पंचवीस मिनिटं होती. जैसलमेरजवळचं वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान दोन्ही मुलींना दाखवायचं, नशिबात असला तर माळढोकही, हा बेत शिवलीलाचा. बेत तिचा, तशी धास्तीही तिचीच. महिनाभर बनशंकरीतल्या घराच्या दोन खोल्यांत तिनं मुलींची तालीम घेतली होती. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. झुडपात हात घालायचा नाही. तहान लागायच्या आधीच पाणी प्यायचं. नागराजला हसू आवरायचं नाही.

"वाळवंट बघायला चाललोय का लढाईला?"

"तुम्ही स्वल्प गप्प बसा. वाळूत पोर चुकलं तर हाका मारून सापडत नाही."

म्हणून शेवटचा नियम तिनं सगळ्यात जास्त घोटून घेतला होता. चुकलात तर जिथं असाल तिथंच बसायचं. कुणी गोड बोललं, खाऊ दिला, तरी उठायचं नाही. कानडी बोलो, हिंदी बोलो, नाही म्हणायचं. आपल्या घरातली भाषा बोलेल तोच आपला माणूस, त्याच्याबरोबरच यायचं. बेळगावला गाडीत चढणारे मामा-मामी मुलींनी नीट पाहिलेलेही नव्हते, तेव्हा चेहऱ्यापेक्षा भाषेची खूण बरी. आपल्या या युक्तीवर ती फार खूश होती. बनशंकरीच्या त्यांच्या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं घर नव्हतं. तिकडे वाळवंटात कोण भेटणार होतं?

आता ती भव्याला ओढत गर्दीतून धावत होती. मनगट इतकं आवळलं होतं की पोर रडायला लागली. नागराज मागून सोनमच्या नावानं हाका मारत होता. जिन्याखाली इडलीची टोपली घेऊन बसलेल्या गंगव्वा नावाच्या बाईनं हात वर केला.

"पिवळा फ्रॉक?" ती कानडीत म्हणाली. "इथंच बसली होती, अक्का. या खांबापाशी. इडली दिली, तर शिवली नाही. पोलीसबाई आली, मायेनं बोलली, पण पोरीनं खांबच धरून ठेवला. शेवटी ती बाई पुकारा करायला सांगते म्हणून गेली."

शिवलीलाचा जीव भांड्यात पडला. गुणाची गं माझी पोर, सगळं लक्षात ठेवलंस.

"ऐकलंत का?" ती नागराजला मराठीत म्हणाली. "जागची हलली नाही. पोलिसांबरोबरसुद्धा गेली नाही."

"मग आहे कुठं?" नागराज म्हणाला.

खांबापाशी कुणीच नव्हतं. शिवलीलानं गंगव्वाकडे पाहिलं.

"आत्ता गेली की," गंगव्वा म्हणाली. "एक बाई आली, वाकून काहीतरी बोलली. पोर लगेच उठली. हसत तिचं बोट धरून गेली. मला वाटलं, आईच."

पलीकडच्या फलाटावरची गाडी हलली होती. डबे एकामागून एक पुढे सरकत होते.

"काय बोलली ती?" शिवलीलानं विचारलं.

"मला कुठलं कळायला, अक्का? आत्ता तुम्ही नवऱ्याशी बोललात ना, तीच भाषा."