उशीतला दम

पडद्यावरची रेघ सरळ वर चढत गेली, तसा आसावरीच्या अंगावर सरसरून काटा आला.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर तिच्या वडिलांची, अण्णांची रबरी उशी होती, तोंडाने फुगवायची. तिला नळी जोडलेली, नळीचं दुसरं टोक काचेच्या घटात. अण्णा पावसाळ्यात गेले. आई बेळगावचं घर बंद करून बंगळुरूला आली, तेव्हा ही उशी तिने मांडीवर घेऊन आणली. अण्णांनी शेवटची फुगवलेली, तशीच. आता थंडी सरत आली होती, तरी उशी सैल पडायचं नाव घेत नव्हती.

घटात आसावरीने घडवलेला रेणू होता. पोकळ्या-पोकळ्यांचा, सुगरणीच्या खोप्यासारखा. आल्यागेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड तेवढा तो ओसरीवर बसवून घ्यायचा. मग वीज सोडली, की त्या टाकलेल्या वायूचं मीठ व्हायचं. या रेणूपायी तिचं वर्ष गेलं होतं. घरी जाणं दर महिन्याला पुढे ढकललं जायचं. फोनवर अण्णा टच्च उशी थोपटून दाखवायचे, "बघ गे, अजून दम आहे माझ्यात!" म्हणायचे, आणि ती निर्धास्त व्हायची. शेवटची भेट राहिली ती राहिलीच.

रबरातून हा वायू सगळ्यांत आधी निसटतो, हे तिला ठाऊक होतं. उशीत तो असलाच तर नावापुरता. त्या उरल्यासुरल्याचं कणभर मीठ झालं, तर कुपीत घालून जन्मभर जवळ ठेवायचं होतं. म्हणून आज आईला न सांगता तिने उशी पिशवीत घातली होती.

वायू मोजणारी रेघ उतरेना. शेजारच्या टेबलावरचा धारवाडचा श्रीवत्स वाकून बघू लागला.

"अक्का, आत्ता तुम्हीच फुंकलात काय यात?"

"नाही."

"मग हा जुना श्वास नव्हेच की. आज सकाळचा आहे."

तिने उशीवर तळवा ठेवला. उशी कोमट लागली. वीज बंद करून, नळी काढून ती तडक निघाली.

मेट्रोत तिने उशी पोटाशी धरली. गर्दीचा रेटा आला की उशी दबायची, रेटा सरला की हळूच वर यायची. कुणी लांबून चालत आलेलं शेजारी टेकून दम खावं, तशी. समोरची बाई बघत होती. आसावरीने ओढणी उशीवर ओढून घेतली. थंडी आपल्याला वाजतेय की उशीला, हे तिचं तिलाच कळेना.

दारातच तिची आई चंद्राबाई उभ्या होत्या, पदरात अवरेकाईच्या शेंगा. "तू नेली होतीस होय? घरभर शोधली की गे मी!"

"आई, या उशीत कोण श्वास घेतंय?"

चंद्राबाईंनी उशी हातात घेतली, दाबून पाहिली. "स्वल्प सैल केलीस," म्हणाल्या, आणि बूच काढून, गाल फुगवून त्यांनी सवयीने फुंकर भरली.

आसावरी बघतच राहिली. "रोज भरतेस?"

"पहाटे. तू उठलीस की पहिला हात हिच्यावर ठेवतेस. सैल लागली तर?"

"अगं, अण्णांचा श्वास होता तो! घालवलास तू."

"त्यांचा कुठला, बाळ?" चंद्राबाईंनी बूच घट्ट लावलं. "वर्षभर त्यांच्याच्याने दिवा विझत नव्हता. तुझा फोन आला की मी भरून द्यायची, ते थोपटून दाखवायचे. म्हणायचे, पोरीचं काम होऊ दे, उशी सैल पडू देऊ नको."

त्यांनी उशी लेकीच्या हातात दिली.

"मी गेल्यावर थांब, असं काही ते म्हणाले नव्हते."