प्रीमियमच टाका

"साधंच टाका," मी पंपावरच्या बाईंना सांगितलं. तर शेजारी बसलेली बायको कडाडली, "अजिबात नाही! प्रीमियमच टाका!"

मागच्या सीटवर मेव्हणा खदखदून हसला. "दाजी, ह्या एवढ्याशा गाडीला प्रीमियमचा काय उपयोग? कंपनीच्या पुस्तकातच साधं पेट्रोल सांगितलंय. लुटताहेत तुम्हाला."

माझं डोकंच फिरलं. लुटलं म्हणावं, तर प्रीमियम भरायला लागल्यापासून ॲव्हरेज खरंच वाढलंय. फायदा म्हणावा, तर पुस्तक खोटं ठरतंय. मग फसवतंय कोण, पेट्रोलवाले की पुस्तकवाले? आणि भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारी माझी बायको लिटरमागे जादा पैसे मोजायला एवढी उतावीळ का?

"तुला काय कळतं गं पेट्रोलमधलं?" मी ओरडलोच.

"काही नाही कळत. पण महागातलं भरलं की तुमचा पाय हलका होतो. जिवावर आल्यासारखं दाबता ॲक्सिलेटर. साधं भरलं की कुंभार्ली घाटात वळणावर ट्रकच्या पुढे घुसता. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसते. साधंच भरायचं असेल तर मी इथंच उतरते. एसटीनं जाईन माहेरी."

पंपावरच्या बाई नळी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. ॲव्हरेज पेट्रोलनं वाढलं की माझ्या कंजूषपणानं, तेच मला कळेना.

मागे मेव्हणा सीटबेल्ट चाचपत होता. हळूच म्हणाला, "दाजी, टाका हो प्रीमियमच."