पाठीवरचा डबा

कौलांच्या फटीतून उतरलेले कोवळे ऊन आधी क्रुसावर थबकले, मग हळूहळू ओघळत समोरच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले. पाळकबुवा आलेच नव्हते. पहिला उपदेश एकट्याने करायचा होता; जमला नाही, तर मिशन सोडून दुपारच्या एसटीने परतायचे, असे तरुण एलियाने ठरवले.

त्याला विहीर आठवली. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला रिकामा डबा बाबांनी गुपचूप सोडून घेतला होता.

"फसवलंत मला," तो रडला होता.

"बुडलास का पण?" बाबांनी विचारले होते.

तो राग त्याने आजवर मनात धरला होता.

एलियाने डोळे मिटले आणि भार देवावर टाकला. शब्द येत गेले.

"पाळकबुवा हवे होते," उपासना संपल्यावर तो मंडळीतल्या सुवार्तामावशींना म्हणाला.

"बाहेर चिंचेखाली बसून ऐकत होते की सगळं. मुद्दाम."

एलियाला हसू फुटले. बाबांनी त्याला फसवले नव्हते.