आठवी जखमी

भोंगा वाजला तशी तृप्ती भूगोलाच्या खोलीत फरशीवर आडवी झाली. कपाळावर कँटीनमधला टोमॅटो सॉस, आणि ओढणीला पिनेने टाचलेला पुठ्ठा: 'बेशुद्ध'. बचावाच्या सरावासाठी असे आठ जखमी कॉलेजभर पेरून ठेवले होते. कुणी भाजलेलं, कुणाचा हात मोडलेला. सीमेवर लढाई पेटून चार दिवस झाले होते आणि नाशिकच्या कॉलेजांनीही तयारीत राहावं, असा वरून आदेश होता. बाकीच्यांनी तळमजला आणि पहिला मजला पटकावला. तिसरा मजला तृप्तीच्या वाट्याला आला, कारण ती कशालाच नाही म्हणत नाही.

स्ट्रेचर वेदिकाच्या गटाकडे होतं, म्हणजे काळजी नव्हती. तृप्ती, वेदिका आणि नवनाथ पहिल्या वर्षापासून एका बाकावर बसायचे. नवनाथ गेल्या वर्षी कॉलेज सोडून अग्निवीर झाला. आता तो सीमेवर होता आणि चार दिवस त्याचा फोन बंद होता. "त्यांचे फोन जमा करून घेतात गं," वेदिका म्हणायची. तृप्ती मान डोलवायची आणि पुन्हा फोन लावायची. आज तर सरांनी यांचेही फोन पिशवीत जमा करून घेतले होते.

मे महिन्यातही फरशी गार होती. पडल्या पडल्या भिंतीवरचा देशाचा नकाशा दिसत होता. आपण नेमके कुठे आहोत ते नवनाथने सांगितलं नव्हतं. तृप्तीने डोळे मिटले आणि मनाशी ठरवून टाकलं: वेदिका मला शोधत आली, की आज नवनाथचा फोन लागणार. असलं काही ठरवायचं तिचं वय नव्हतं, वीस वर्षांची घोडी झाली होती. तरी ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर मागे घेता येईना.

खाली शिट्ट्या, पळापळ. कुणीतरी "आई गं" म्हणून इतकं मनापासून विव्हळलं की सगळे हसले. जिन्यात पावलं वाजली, दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि परत उतरली. मग एकदम गलका झाला, "पाणी आणा, पाणी!" तोही निवला. सगळं संपल्याचा लांबलचक भोंगा वाजला, तरी तृप्ती पडून राहिली. सॉस सुकून कपाळ ओढायला लागलं. त्यावर माशी बसली, ती तिने हाकलली नाही. गावाकडून, पेठहून, पहिल्यांदा हॉस्टेलवर आली तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

शेवटी ती उठली आणि खाली गेली.

मैदानात वडापाव वाटणं चाललं होतं. अठरा मिनिटांत आठही जखमी बाहेर, असं सर माइकवरून अभिमानाने सांगत होते. झालं होतं असं की उन्हात उभी राहून राखी नावाची एक मुलगी खरोखरच चक्कर येऊन पडली. तिला उचलून सावलीत नेलं, आणि सरांनी यादीतल्या 'बेशुद्ध'पुढे बरोबरची खूण केली. आकडा जुळला.

वेदिकाने तृप्तीला पाहिलं आणि तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. "अगं बाई! मला वाटलं, तुला सुनीलच्या गटाने आणलं. वरून एक हाक तरी मारायची!"

"बेशुद्ध माणूस हाक मारतो का?"

वेदिका हसली. तृप्ती हसत नाही हे पाहून तिचंही हसू गेलं. "सॉरी गं. खरंच सॉरी. चल, आधी फोन घे तुझा."

फोनची पिशवी टेबलावरच होती. तृप्तीने हात पुढे केला नाही. आता लावला तर लागणार नाही, याची तिला खात्रीच होती.

"मला अजून कुणी शोधलेलं नाही," ती म्हणाली, आणि वळून जिना चढायला लागली.

भूगोलाच्या खोलीत ती त्याच जागी आडवी झाली. पुठ्ठा सरळ केला, डोळे मिटले. खाली माइक बंद झाला. मुलांच्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यात चपला वाजल्या. पहिला मजला, दुसरा मजला. तिथे थांबल्या.

"तृप्ती?" वेदिकाला धाप लागली होती. "कुठल्या खोलीत आहेस गं? ओ दे ना!"

तृप्तीने ओ दिली नाही. श्वास रोखून ती पुढच्या पायरीची वाट बघत राहिली.