वुब्बेचं कुलूप

जुन्या गॅसवाहिनीची दुरुस्ती आटोपली होती. खड्ड्यात उतरताना आमच्यातला प्रत्येकजण बंद व्हॉल्व्हला आपलं कुलूप लावतो आणि घरी जाताना काढतो. आता एकच उरलं होतं, वुब्बेचं. “पुन्हा विसरला लेकाचा!” मुकादम हार्म वैतागला. विसरणाऱ्यानं सगळ्यांना केक द्यायचा, हा आमचा दंड. वुब्बेचा तर ठरलेलाच. त्याचा फोन लागेना. गॅसविना ग्रोनिंगन शहर काकडत होतं. “तोड ते, आणि गॅस सोड!” हार्म मला म्हणाला. मी कुलपाला कटर लावला. जोर देणार, तोच कुंपणाला टेकलेली वुब्बेची सायकल दिसली. “हार्म, हा काय चालत गेला?” आम्ही धावलो. बांधापलीकडच्या खड्ड्यात वुब्बे पालथा पडून पाइपाखाली टॉर्च मारत होता. “इथं आणखी एक भेग आहे,” तो म्हणाला. मग त्याला माझ्या हातातला कटर दिसला. तो हार्मकडे वळला. “उद्या केक तू आणायचास, हार्म.”