राखीव पाणी

"परवानगी देणार की नाही, एवढंच सांग," दादा तिच्या टेबलावर दोन्ही हात टेकवून म्हणाला.

"सुनावणीत कळेल."

"मी परका आहे का?"

"ऑफिसात मी कुणाची बहीण नाही, दादा."

"घरी तरी कुठे उरलीयेस?" असं म्हणून तो निघून गेला. शिपायाने आणलेला चहा तसाच राहिला.

ती किनारा खात्यातली परवाना अधिकारी. जुना बोटींचा धक्का पाडून तिथे मरीना बांधायची, असा एका बिल्डरचा अर्ज तिच्याकडे आला होता. शेकडो बोटी, हॉटेल, दुकानं. धक्क्याला लागूनच राखीव पाणी होतं. तिथे कालवं वाढायची. तिच्या वडिलांनी तिथे कालवं वाढवली, आता दादा वाढवत होता. खातं ते पाणी नेमाने तपासायचं, त्यात जंतू नाहीत एवढीच खात्री करायचं आणि कालवं खायला योग्य आहेत असा दाखला द्यायचं. दाखल्यावर सही तिचीच असायची.

अर्जात खोट काढायला जागा नव्हती. वरच्या साहेबांनी तिला बोलावून हसत हसत सांगितलं होतं, "बाई, बदल्यांचा मोसम आहे. विचार करून ठरवा." इकडे गावातल्या बायका वाटेत दिसल्या की तोंड फिरवत. दादाने तर तिचा फोन घेणंच सोडून दिलं होतं.

तिने मनाशी नकार पक्का केला होता. बदली तर बदली. पण सुनावणीआधी दादाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, भावासाठी केलं. म्हणून ती गप्प राहिली आणि त्याची बोलणी खात राहिली.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत दादा, त्याच्यामागे कालवं काढणारे सगळे. घोषणा देऊन देऊन त्यांचे घसे बसले होते. बिल्डर एका कोपऱ्यात वकिलाशेजारी बसला होता. अंगाने थोराड, पण बोलायला मऊ माणूस.

तिने पाण्याचा घोट घेतला आणि बोलायला सुरुवात करणार, तोच बिल्डर उठला.

"आम्ही अर्ज मागे घेतोय."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग छत कोसळावं तसा गलका झाला. दादा उठला आणि पुन्हा खाली बसला. त्याचे खांदे हलत होते.

"कारण?" तिने विचारलं.

"सांगावंच लागतं का?"

"तसा नियम नाही."

"मग राहू दे."

त्याने वर पाहिलंही नाही. वकिलाने त्याच्या कोपराला धरून त्याला बाहेर नेलं.

तिला हायसं वाटलं, आणि थोडी हुरहूरही. एवढं मन घट्ट केलं होतं, ते वापरायची वेळच आली नाही. बाहेर पायऱ्यांवर दादाने तिला गाठलं.

"आतून तूच काहीतरी चक्र फिरवलंस ना?"

ती नुसती हसली. नाही म्हणायला हवं होतं, पण तो कित्येक महिन्यांनी तिच्याशी धड बोलत होता.

"रविवारी जेवायला ये," तो म्हणाला. "नाही म्हणालीस तर उचलून नेईन."

रविवारी धक्क्याजवळचं दादाचं अंगण माणसांनी भरलं होतं. मोठ्या पातेल्यात कालवं वाफवत होती. दादा सुरीने शिंपले उघडायचा, लिंबू पिळायचा आणि पहिला घास मुलीच्या ताटात टाकायचा. दादाची ही मुलगी, तिची भाची, पोटुशी होती. आधी दोनदा पोट पडलेलं, त्यामुळे घरात सगळे तिला फुलासारखं जपत.

"रोज खाते ती," दादा कौतुकाने सांगत होता. "रक्त वाढतं. डॉक्टरच्या गोळ्या एकीकडे आणि बापाची कालवं एकीकडे."

"आत्या, बाळ शिंपल्यातूनच बाहेर येणार बघ," भाची म्हणाली आणि पोटावर हात ठेवून खळखळून हसली.

तेवढ्यात फाटकापाशी बिल्डर दिसला. धक्क्यावरचं आपलं सामान न्यायला आला होता. अंगणातलं हसणं थांबलं.

"हरलेला माणूस शेपूट घालून जातो," दादा मोठ्याने म्हणाला. "हा हलवत आलाय!"

पुन्हा हशा उसळला. बिल्डर तिथेच उभा राहिला. त्याची नजर भाचीच्या ताटावर होती. मग "बाई, जरा या," अशी त्याने भाचीच्या आत्याला खूण केली.

ती फाटकाशी गेली. "सुनावणी संपली, शेठ. आता काय हवंय?"

"काही नको." तो घुटमळला. "त्या मुलीला... कितवा?"

"सातवा. तुम्हाला काय करायचंय?"

"वकिलांनी बजावलंय, तोंड उघडायचं नाही. उघडलं तर साफसफाई माझ्याच गळ्यात पडेल." त्याने घाम पुसला. "पण मलाही मुली आहेत, बाई. तिच्यापुढचं ताट काढा."

"काय बोलताय तुम्ही?"

"मी तुमच्या लोकांना भिऊन मागे हटलो नाही. खांब रोवण्याआधी धक्क्याखालचा गाळ तपासून घेतला होता. जुन्या बोटींचा खरवडलेला रंग वर्षानुवर्षं तिथेच पडतोय. शिसं आहे, पारा आहे. मग बाजारातून तुमच्या दादांची कालवं आणून तीही तपासली." त्याचा आवाज अगदी खाली आला. "त्यांत गाळापेक्षाही जास्त निघालं."