उशिरा का होईना

दुपारपासून केतकीचा फोन कोकलत होता. कंपनीच्या डेटाबेसला उत्तर द्यायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला, की अलर्ट यायचा. उघडून बघावं तर उत्तर येतच होतं, उशिरा का होईना. ती पार विटली होती.

“मर्यादा दहावर ने की,” शेजारच्या टेबलावरून निरंजन म्हणाला. “सगळे तेच करतात.”

तिने पाचाचे दहा केले. फोन गप्प झाला.

संध्याकाळी घराच्या दारात तिने पर्स चाचपली. किल्ली ऑफिसातच राहिली होती. आईला दार उघडायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीत तिने आपली वेगळी किल्ली करून घेतली होती. तेव्हापासून बेल वाजवलीच नव्हती. आज वाजवली.

“आले गं!” आतून आई म्हणाली. खुर्ची सरकली. मग बराच वेळ काहीच नाही. मग भिंतीला घासत येणारा हात, थांबून दम खाणं, पुन्हा हात.

दार उघडलं. आई चौकट धरून उभी होती.

“कधीपासून होतंय असं?”

“तू किल्ली केलीस ना,” आई धापा टाकत म्हणाली, “त्याच्या आधीपासून.”